बासरीचे पाठ सनईवर

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यावयाचा, अशी एक रूढ अपेक्षा असते. तो आढावा आमच्याहून अधिक अधिकारी सहकाऱ्यांनी याच अंकात घेतला आहे. आम्ही येथे एका वहीविषयी लिहिणार आहोत. पुठ्ठ्याच्या बांधणीची, दोनशे पानांची ही वही आपल्या ग्रंथालयात आहे. तिच्या मुखपृष्ठावर ‘सनई : पुढचे पाठ’ एवढीच अक्षरे आहेत. आत 28 पाठ आहेत आणि त्यांतील एकही मुळात सनईसाठी रचलेला नाही. सारेच्या सारे बासरीचे आहेत, तेही बासरी चार-पाच वर्षे घोटलेल्या विद्यार्थ्यांसाठीचे. ते सनईवर का आणले, आणताना काय बदलावे लागले आणि त्यातून काय झाले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

बासरीचा वर्ग प्रथम सुरू झाला तो निव्वळ सोयीपोटी. बासरी स्वस्त असते, उशाशी ठेवता येते, आणि आम्हांला स्वतःला ती एम. ए. च्या दिवसांपासून वाजवता येत असे. कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातील गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांची आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर पाळ्या करणाऱ्यांची मुले आपल्याकडे आहेत; कोणी मराठवाड्यातून आलेली, कोणी माणदेशातून, कोणी खानदेशातून. त्यांच्यासाठी हार्मोनियम घेण्याची तरतूद त्या वर्षी नव्हती. तरीही आक्षेप आलाच. एका पालकांनी विचारले, “सर, बासरी म्हणजे कृष्णाचं वाद्य. आपल्या शाळेत कशाला?” प्रश्न रास्त होता आणि इतिहासाच्या शिक्षकाला आवडावा असाही होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे जे चित्र आहे, त्यात नर्तकीभोवतीच्या वादकवृंदात आडवी बासरी वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या चित्राची मोठी प्रत आम्ही वर्गात लावली. पालकांचे समाधान झाले. मुलांना समाधानाची गरजच नव्हती. त्यांना वाजवावयाचे होते.

सनईचा प्रश्न मात्र चित्र लावून सुटणारा नव्हता.

तो निघाला एका विद्यार्थ्यामुळे. माणदेशातील होलार कुटुंबातला हा मुलगा आठवीत आपल्याकडे आला आणि वर्षभरात बासरीवर सर्वांच्या पुढे गेला. त्याच्या वाजवण्यात एक गोष्ट बासरीची नव्हती. स्वर घेताना तो ओठ आवळून स्वराला किंचित वर ढकलत असे, जणू तोंडात काहीतरी धरले आहे. विचारले तेव्हा तो गप्प राहिला. पुढे काही आठवड्यांनी त्याने आपल्या पेटीतून टॉवेलात गुंडाळलेली सनई काढून आम्हांला दाखवली. दार लावून घेऊन दाखवली. वसतिगृहातील कोणालाही तिचा पत्ता नव्हता.

सनईला दोन इतिहास आहेत. एक नगारखान्याचा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आजही उभा आहे. देवळांतला चौघडा, राजवाड्यावरची नौबत, लग्नाचा मांडव या सर्वांत सनईला मानाचे स्थान. दुसरा इतिहास ती फुंकणाऱ्यांचा. कोकणात घडशी, देशावर गुरव, मांग आणि होलार यांच्याकडे हे वाद्य पिढ्यानपिढ्या राहिले, आणि यांपैकी मांग व होलार यांना गावाने अस्पृश्य ठरवले होते. गावाची लग्ने त्यांच्या वाद्यावर लागत. वादक मात्र मांडवाबाहेर. पंगती उठल्यावर उरेल ते त्यांनी घ्यावयाचे. ज्यांनी साऱ्या गावाच्या वराती वाजवल्या, त्यांच्याच घरच्या वरातीला अनेक गावांत वाजतगाजत वेशीतून जाण्याची मुभा नसे. मंगल काय ते वाद्य. वाजवणाऱ्याची सावलीही नको.

हा सर्व भार त्या टॉवेलात गुंडाळलेला होता. म्हणून सनईचा वर्ग सुरू करावा असा विचार आम्ही मांडला तेव्हा संस्थेचे एक ज्येष्ठ सदस्य संतापले, याचे आम्हांला नवल वाटले नाही. “जे आमच्या बापांनी उकिरड्यावर फेकलं, ते तुम्ही पोरांच्या हातात देणार?” असे त्यांनी विचारले. त्यांच्या बोलण्यामागे अनुभव होता आणि इतिहासही होता. 1927 च्या महाड परिषदेपासून गावकीची हीन ठरवलेली कामे टाकून देण्याचा बाबासाहेबांचा आग्रह होता. 1928 साली महार वतनाविषयीचे विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडले. कनिष्ठ गाव-वतने अखेर 1958 च्या कायद्याने संपली, तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. आमच्या स्वतःच्या घरात आजोबांनी 1956 नंतर डफडे पुन्हा हाती घेतले नाही. त्या त्यागाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्यापुढे कलेच्या जतनाची गोड भाषा करणे आम्हांला तेव्हाही अशोभनीय वाटत होते, आजही वाटते. ‘लोककलेचा वारसा’ हे शब्द बहुधा असे लोक वापरतात की ज्यांच्या आजोबांना तो वारसा मांडवाबाहेर उभे राहून चालवावा लागलेला नसतो.

आम्ही सभेत बाबासाहेबांच्या व्हायोलिनचा दाखला दिला. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. ते व्हायोलिन पुण्याच्या सिम्बायोसिस संस्थेच्या संग्रहालयात आपल्या सहलीच्या मुलांनी पाहिलेही आहे. ज्येष्ठ सदस्यांनी तत्काळ उत्तर दिले, “व्हायोलिन त्यांनी निवडलं. ते कोणी त्यांच्या गळ्यात बांधलं नव्हतं.” हे उत्तर आम्हांला पटले, आणि सनईचा वर्ग याच उत्तराच्या पायावर उभा राहिला. नियम ठरले ते असे. घरात सनई आहे म्हणून कोणालाही सनई द्यावयाची नाही. घरात सनई नाही म्हणून कोणालाही नाकारावयाची नाही. सर्वांनी आधी दोन वर्षे बासरी करावयाची, मग ज्याला हवी त्याने सनई घ्यावी. आणि जे काही शिकवले जाईल ते कागदावर लिहून, कोणालाही वाचता येईल अशा रीतीने.

हा शेवटचा नियम लिहावयास सोपा आणि पाळावयास अतिशय अवघड निघाला. कारण सनईचे पुढचे शिक्षण कागदावर नव्हतेच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी स्वरलिपी घालून क्रमिक पुस्तके सिद्ध केली, आणि गाणे घराण्याच्या भिंतींतून बाहेर आले. पण ते ज्या दिवाणखान्यांत पोहोचले, तेथे वाजंत्र्याला बोलावणे नव्हते. सनईचे ज्ञान बापाकडून मुलाकडे, मांडवामांडवांतून, कानानेच जात राहिले. सोलापूरच्या जाधव घराण्याने सुंदरी या लहान सनईवर मैफल गाजवली, पुण्याच्या गायकवाड घराण्याने सनईला मानाची बैठक मिळवून दिली. तरीही काल्हेरच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीने सनईचा तिसऱ्या वर्षाचा पाठ उघडून बसावे असे पुस्तक आम्हांला मिळाले नाही. बासरीचे मात्र आमच्याकडे पुष्कळ लिहिलेले होते: पलटे, सपाट ताना, छूट ताना, झाल्याचे बोल, सारे भातखंडे लिपीत. म्हणून ठरले की बासरीचेच अवघड पाठ सनईवर आणावयाचे.

काही सहकाऱ्यांना हे उसनवारीचे काम वाटले. आम्हांला तसे वाटत नव्हते, कारण बासरीचे पाठ तरी कोठे बासरीचे होते? पन्नालाल घोष यांनी सुमारे बत्तीस इंच लांबीची बासरी घडवली ती ख्याल वाजवता यावा म्हणून. 1911 साली बारिसालला जन्मलेला हा कलावंत 1940 मध्ये मुंबईला आला आणि 1960 साली गेला. तेवढ्या काळात गुराख्याच्या हातातले वाद्य मैफलीत बसले. बासरीवर आज जी तान आपण अवघड म्हणून घोटतो, ती आधी कोणाच्या तरी गळ्याची होती. गळ्यातून बांबूत आली, बांबूतून शिसवीच्या नळीत जाईल, एवढाच फरक.

तो फरक किती, हे मात्र काम सुरू झाल्यावर कळू लागले.

आमच्या विज्ञानाच्या सहकारी बाईंनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर तीन नळ्या काढल्या. बासरी ही दोन्हीकडे उघडी, सरळ नळी. जोराने फुंकली की स्वर बरोबर एका सप्तकाने वर जातो. सनई एका टोकाला पत्तीने बंद, पण आतून शंकूसारखी रुंदावत जाणारी. तीही सप्तकानेच वर जाते. क्लॅरिनेट मात्र पत्तीने बंद आणि आतून सरळ, त्यामुळे ते सप्तकाच्याही पलीकडे, थेट वरच्या सप्तकातील पंचमावर उडी घेते. म्हणजे बासरीच्या बोटांचा हिशेब सनईवर पुष्कळसा लागू पडतो, बँडातल्या क्लॅरिनेटवर पडत नाही. मुलांना ही गोष्ट फार आवडली; लग्नातल्या बँडवाल्यांची बोटे ती नंतर कितीतरी दिवस निरखत असत.

परंतु बोटे जुळली म्हणून पाठ जुळत नाही. सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज. सगळी उघडली की तीव्र मध्यम. आणि पंचमासाठी सगळी पुन्हा झाकून फुंक वर न्यावयाची. मध्यम आणि पंचम यांच्यामधली ये-जा ही बासरीची खिंड. बासरीचे निम्मे अवघड पाठ या खिंडीतून न अडखळता जाता यावे म्हणूनच रचलेले असतात. आमच्या मुलांकडील सनयांवर, त्यांनी षड्ज जेथे धरला होता तेथून मोजता, ही खिंड दुसऱ्याच दोन स्वरांच्या मध्ये येत होती. पाठ जसाच्या तसा उतरवला असता तर तो बोटांना सोपा झाला असता आणि त्याचे प्रयोजनच संपले असते. म्हणून पाठ उचलून पुढे सरकवावा लागला, असा की त्याचा सर्वांत अवघड घास सनईच्या खिंडीतच पडावा. स्वर बदलले, राग बदलला, कोठे यमनचा पलटा दुर्गामध्ये गेला. अवघडपणा तेवढा शाबूत राहिला. पाठ आणावयाचा म्हणजे त्यातील अडचण आणावयाची, हे सूत्र आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

पल्ल्याचा प्रश्न त्या मानाने किरकोळ. बासरी अडीच सप्तके सहज फिरते, सनई दोनांच्या आसपास. जेथे तान वर निघून जात असे, तेथे ती मोडून खालच्या सप्तकात आणली आणि मोडीचा सांधा ऐकू येणार नाही अशा स्वरावर ठेवला. मींड तर बिनतक्रार आली, कारण दोन्ही वाद्यांवर बोट उघड्या छिद्रावरून सरकते. उलट सनईवर ओठांनीही स्वर वर-खाली होतो. हे वरदान आहे आणि संकटही, कारण ओठ दमला की स्वर उतरतो आणि वाजवणाऱ्याला ते सर्वांत शेवटी कळते. प्रत्येक पाठाआधी तानपुऱ्यावर दहा मिनिटे एकच स्वर, हा दंडक त्यातून आला. भगवंतांनी सोणाला सांगितलेला वीणेच्या तारेचा दृष्टान्त आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. पत्ती ओठांत धरल्यावर तो पाठ असून भागत नाही, एवढेच.

जिभेने मात्र फार छळले. बासरीवर जलद लयीत ‘तु-कु, तु-कु’ असे दुहेरी बोल फुंकता येतात. झाल्याची सारी चमक त्यात. सनईची पत्ती तोंडात असते. ‘तु’ म्हणताना जिभेचे टोक पत्तीला लागते आणि स्वर स्वच्छ सुटतो. ‘कु’ घशाशी होतो, आणि तोवर पत्तीने आपला निर्णय घेतलेला असतो. म्हणून बोलांचे पाठ आम्ही निम्मे जिभेवर आणि निम्मे बोटांवर वाटले: जेथे ‘कु’ होता तेथे खटका, नाहीतर शेजारच्या स्वराचा कण. कानाला चमक तीच लागते, काम दुसरेच अवयव करतात. हे जमले, एका पाठात मात्र जमले नाही, त्याविषयी पुढे.

याच सुमारास आम्ही मुलांना नरिमन पॉइंटला एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वादन ऐकावयास नेले होते. 2006 साली स्थापन झालेला हा वाद्यवृंद आपल्या शहराच्या इतक्या जवळ असून आपल्या मुलांपासून किती दूर आहे, हा वेगळा विषय. तेथे मागच्या रांगेत माणसाच्या उंचीची, तिरपी धरलेली एक लाकडी नळी होती आणि तिच्या वाकड्या धातूच्या टोकाला दुहेरी पत्ती होती. काल्हेरची मुलगी आमच्या कानात म्हणाली, “सर, ती सनईच आहे. नुसती लांबडी.” तिचे निदान अचूक होते. त्या वाद्याचे नाव बसून. मराठीत ते असेच लिहावे लागते, आणि परतीच्या गाडीत मुलांनी या नावावर जेवढे विनोद करता येतील तेवढे केले.

बसूनविषयी पुढे वाचले तेव्हा आमच्या वहीला एक दूरचे भावंड सापडले. त्या वाद्याचे शिक्षकही पुढच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांसाठी फ्लूटचे अवघड पाठ उचलतात. बर्लिन फिलहार्मोनिकच्या संस्थापक वादकांपैकी एक असलेल्या योआखिम आंडरसन या डॅनिश वादकाने फ्लूटसाठी चोवीसही स्वरमेळांतून फिरणारे अभ्यासपाठ लिहिले. ते वाजवणाऱ्याची बोटे, जीभ आणि दम यांची एकाच वेळी परीक्षा घेतात. बाखची एकट्या फ्लूटसाठीची ए मायनरमधील पार्तिताही बसूनवर वाजवली जाते, आणि तिच्या पहिल्या भागात श्वास घ्यावयास जागाच ठेवलेली नाही. फ्लूटवाला तेथे श्वासासाठी तडफडतो. बसूनवाल्याची तडफड वेगळी असते, आणि ती काय असते हे आम्हांला कोणत्याही ग्रंथाने इतके स्पष्ट सांगितले नाही, जितके माणदेशातून आलेल्या एका वृद्धाने सांगितले.

त्यासाठी एक तपशील आधी सांगणे भाग आहे. पाठ उतरवताना बासरीच्या वहीतील श्वासाच्या खुणा, म्हणजे स्वल्पविराम, आम्ही सनईच्या वहीत उचलल्या नव्हत्या. त्या जागा मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या. बासरीवादकाने सनईचा श्वास ठरवू नये, ज्याने तो आयुष्यभर घेतला आहे त्याने ठरवावा, असे आमचे मत होते. त्या मुलाच्या आजोबांना आम्ही दोनदा निरोप पाठवला. ते आले नाहीत. नातवाने शाळेत सनई धरली हे त्यांना रुचले नव्हते. पोराने शिकून गोदामात का होईना, खुर्चीवर बसून हिशेब लिहावा एवढीच त्यांची इच्छा होती. ज्येष्ठ सदस्यांचे आणि त्यांचे मत शब्दाशब्दाला जुळत होते, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते.

अखेर ते आले, ते दिवाळीच्या सुट्टीनंतर नातवाला पोहोचवण्याच्या निमित्ताने. वसतिगृहात सनई वाजवणे अशक्य म्हणून आमचा सराव खाडीच्या काठी, कशेळीच्या पुलाच्या अलीकडे, तिवरांच्या कडेने चाले. कंटेनरांच्या कर्ण्यांपुढे तीन सनयांचे काय! आजोबा दूर एका दगडावर बसले. तीन मुले पाठ वाजवत होती. आधी ते नातवाकडेच पाहत होते. मग काल्हेरची मुलगी वाजवू लागली तेव्हा ते उठून जवळ आले आणि आम्हांला म्हणाले, “गुरुजी, ही कुणाची?” आम्ही सांगितले, मागावर काम करणाऱ्याची. “वाजंत्र्याची न्हाय?” नाही. त्यांनी पुन्हा विचारले, “मग हिला कुणी शिकवलं?” आम्ही वही पुढे केली. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ती वही हातात घेतली, पाने उलटली, आणि कोऱ्या जागा कशासाठी ते विचारले.

त्यानंतर ते चार दिवस कशेळीत राहिले. नातू पाठ वाजवी; आजोबा डोळे मिटून ऐकत आणि एखाद्या जागी बोट उचलत. मुलगी त्या जागी पेन्सिलीने खूण करी. पहिल्याच पाठात आम्ही विचारले, येथे दम घ्यावयाचा ना? ते म्हणाले, “न्हाय गुरुजी. हितं दम घ्यायचा न्हाय. हितं दम टाकायचा. सनईवाला दमाविना मरत न्हाय, दम साचून मरतो.”

बासरीत फुंकेचा बराच भाग छिद्राच्या कडेवरून बाहेर निसटतो, म्हणून वादकाचा दम संपतो. सनईच्या पत्तीची फट इतकी बारीक की तिच्यातून हवा फार थोडी आणि फार दाबाने जाते. छातीत हवा शिल्लक असते, पण ती शिळी झालेली असते, आणि ती बाहेर टाकल्याखेरीज नवी आत येऊ शकत नाही. हीच ती बसूनवाल्याची तडफड. बासरीचा विराम फुप्फुसांसाठी असतो. सनईचा विराम हवा टाकण्यासाठी, आणि त्याहून अधिक ओठांसाठी. म्हणून आमच्या वहीत दोन खुणा आहेत. स्वल्पविराम म्हणजे दम घ्या. लहान वर्तुळ म्हणजे दम टाका. काही ठिकाणी आधी वर्तुळ आहे, एका मात्रेनंतर स्वल्पविराम. सर्व पाठांत मिळून अशा साठ-सत्तर जागा आहेत आणि त्या साऱ्या त्या चार दिवसांत भरल्या गेल्या. काही पाठांत त्यांनी एकही खूण करू दिली नाही. तेथे गालांत हवा साठवून ती ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यावयाचा असतो. ही विद्या ते नवव्या वर्षी शिकले, बापाच्या मागे चालत सूर धरताना. सूर धरणाऱ्या पोराने रात्रभर श्वासाचा सांधा दिसू द्यावयाचा नसतो. ती शिकवताना त्यांनी पेल्यात पाणी आणि एक पोकळ काडी घेतली, आणि बुडबुडे थांबू न देता श्वास घ्यावयास लावला. आता सर्व मुले ते शिकली आहेत. वसतिगृहाच्या भोजनगृहात काही दिवस दुसरा उद्योग नव्हता.

याच वर्षी आम्ही नववीच्या वर्गात बौद्ध जगातील अशा वाद्यांवर दोन तास घेतले. श्रीलंकेत कँडीच्या दंतधातू विहारात ढोलांबरोबर होरणेव वाजते. तिबेटी विहारांत भिक्खू ग्यालिंग वाजवतात, तीही सनईच्याच कुळातली, आणि श्वास न तोडता. मुलांचे चेहरे उजळले. पण इतिहास तेथे थांबवता येत नाही. लडाखच्या बौद्ध गावांत सणावाराला सुरना वाजवणारे मोन लोक आजवर खालच्या पायरीवर बसवले गेले आहेत, आणि श्रीलंकेतील विहारांचे ढोल वाजवणाऱ्यांचीही एक जातच आहे. धम्म स्वीकारला म्हणून वाद्याला चिकटलेली जात आपोआप गळून पडते असे नाही, हे आपल्या विद्यालयातील मुलांना आपणच सांगितले पाहिजे. एका मुलाने विचारले, “मग सर, वाद्यच सोडून दिलं तर?” सोडून दिल्याने आपल्या आजोबांची मान वर झाली, हे खरे. ज्यांना सोडता आले नाही, ज्यांची चूल त्यावरच पेटत होती, त्यांची मान कशाने वर होईल, असे आम्ही त्याला विचारले. तो तास तेथेच संपला.

26 जानेवारी 1950 रोजी, ज्या दिवशी संविधान अमलात आले त्याच दिवशी, लाल किल्ल्यावर उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई वाजली होती. आम्ही मुलांचे पहिले वादन म्हणूनच प्रजासत्ताकदिनी ठेवले. आजोबांना पुन्हा बोलावले. ते यावयास तयार झाले, एका अटीवर. “पोरं वाजवत्याल, पर उभं ऱ्हाऊन न्हाय. बसून. आन् मांडवात.” ध्वजवंदनानंतर व्यासपीठावर सतरंजी अंथरली गेली आणि तिघे बसून वाजले: दुर्गामधील सातवा पाठ, आणि त्याला जोडून एक धून. अडीच मिनिटांत एकदाच पत्ती चिकटली. मुलीने गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली दुसरी पत्ती चढवली आणि ती पुढच्या आवर्तनात मिळाली. ज्येष्ठ सदस्य पहिल्या रांगेत होते. वादन संपल्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांनी आजोबांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बोलावून घेतले आणि ते दोघे जेवणाच्या घंटेपर्यंत कोठल्या तरी जुन्या दुष्काळाविषयी बोलत बसले.

तो मुलगा आता बारावीत आहे आणि हिशेबाचेही शिकतो आहे. आजोबांचे म्हणणे त्याने पूर्णपणे डावललेले नाही. वहीच्या तीन प्रती झाल्या आहेत. एक माणदेशात गेली आहे, जेथे तिचा मालक ती वाचू शकत नाही पण पाहुण्यांना दाखवतो.

राहिला एकोणिसावा पाठ. तो बागेश्रीतील झाल्याचा, दुहेरी बोलांचा. आम्ही तो चार प्रकारे वाटून पाहिला. आजोबांनी तो तीनदा ऐकला आणि म्हणाले, “ह्यो बासरीलाच ऱ्हाऊ द्या.” त्या पानावर स्वल्पविराम नाही, वर्तुळही नाही. काल्हेरच्या मुलीला हा निकाल मान्य नाही. ती रोज संध्याकाळी शेवटची बस येईपर्यंत खाडीवर तोच पाठ घेऊन बसते. गेल्या आठवड्यात तिने तो निम्म्या लयीत, अकराव्या ओळीपर्यंत, न थांबता वाजवला.